नऊ दिवसांच्या आयरिगचा ठावठिकाणा

"मला आयरिगजवळ पुरा," असं लिसीनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिची मुलगी तेग्वेन चुलीवर सूप ढवळत होती. आयरिग हे नाव तानरालटच्या शेतघरात सत्तर वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. तेग्वेनला वाटलं, आईचं वय बोलतंय. त्र्याण्णवाव्या वर्षी माणूस काहीबाही बोलतंच.

"ऐकलंस का? मला तिथं होरेबला तुझ्या बापाशेजारी, इफानशेजारी टाकू नका. पंचेचाळीस वर्षं त्याचं घोरणं ऐकलं. आता पोराशेजारी झोपू दे."

"अगं, पण आयरिग आहे कुठं?"

"ते तू शोध. तुझी शाळेतली भांडी सुटली ना आता? बसून करतेस काय?"

तेग्वेन सदतीस वर्षं गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. दीडशे पोरांचा बटाटा सोलून तिच्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडलेला. कागद म्हणजे तिला किराण्याची यादी तेवढी ठाऊक. पण आईचा शब्द, टाळता येईना. शिवाय आयरिग तिचा सख्खा भाऊ, ती जन्मायच्या चार वर्षं आधी येऊन गेलेला. सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत, तो भयंकर बर्फाचा हिवाळा होता तेव्हा, तो नऊ दिवस जगला. दहाव्या सकाळी बाप त्याला घेऊन बाहेर पडला आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं येऊन थेट गायींची धार काढायला बसला. "चांगल्या ठिकाणी ठेवलाय," एवढंच बोलला. लिसी वीस वर्षांची, तापानं फणफणलेली. तेव्हा बायकांनी कबरस्तानात जायची पद्धत नव्हती, आणि पुरुषांना विचारायचीही नव्हती. पुढे इफान होरेब चॅपेलचा डीकन झाला, मंडळीतला मोठा माणूस झाला आणि एके दिवशी गोठ्यातच झटका येऊन पडला. जिभेवरचं तिथंच राहिलं. त्यालाही आता एकतीस वर्षं होत आली. होरेबच्या अंगणात त्याचा दगड आहे आणि त्यावर त्याच्या नावाखाली लिसीच्या नावापुरती कोरी जागा सोडलेली आहे. लिसीला ती जागा नको होती.

तर तेग्वेन शोधायला निघाली, आणि पहिल्याच पायरीला ठेचकाळली. कारण आमची लानवेदनची पॅरिश, म्हणजे एका चर्चखालची गावं. ती कुणाच्या डोक्यातून निघाली तो माणूस भेटला तर मी त्याला दोन शब्द ऐकवीन. मधून तैवी नदी वाहते, तीच दोन जिल्ह्यांची हद्द. अलीकडे कार्डिगन, पलीकडे कारमार्थन. पॅरिश मात्र एकच, नदीच्या दोन्ही काठांवर पाय टाकून बसलेली. तानरालट अलीकडे, पॅरिशचं चर्च पलीकडे. जन्ममृत्यूची नोंद करायची ती खालच्या गावी, तेही पलीकडे, पण शिरगणतीचे कागद बांधलेत तिसऱ्याच गठ्ठ्यात. त्यामुळे तानरालटचा माणूस एका जिल्ह्यात जन्मतो, दुसऱ्यात लग्न करतो आणि मेल्यावर कुठल्या कपाटात जाऊन बसतो ते त्याच्या घरच्यांनाही कळत नाही.

तेग्वेननं आठ महिने कार्डिगनकडचे दाखले उपसले. आपलं घर इकडे, तर नोंदही इकडेच, असा तिचा सरळ हिशेब. आठ महिन्यांनी एका कारकून पोरीला दया आली. "आजीबाई, तुमचा काठ इकडचा असला तरी तुमची नोंदणी पलीकडची ना!" तेग्वेन तिथंच खुर्चीत बसली. "म्हणजे माझा भाऊ परमुलखात मेला म्हणायचा," ती म्हणाली आणि हसली, पण घरी येताना बसमध्ये तिला रडू आवरेना. पुढच्या आठवड्यात पलीकडून दाखला आला. नाव, वय नऊ दिवस, कारण अशक्तपणा, खाली बापाची सही. कुठं पुरलं ते त्यावर नसतंच. ते कुणी सांगितलं असतं तर निदान आशा तरी केली नसती.

मग दफनाच्या नोंदवह्या. होरेबची वही, पॅरिशच्या चर्चची वही, आमच्याच पंथाची, स्वतंत्र मंडळींची, वरच्या खोऱ्यातली दोन चॅपेलं, झालंच तर मेथडिस्टांचं एक. कुठं वही सरकारी संग्रहात, कुठं एखाद्या म्हाताऱ्याच्या बटाट्याच्या खोलीत. दोन वर्षं गेली. साथीच्या दिवसांत दारं बंद झाली तेव्हा सहा महिने तसेच गेले. आयरिग कुठंच नव्हता. सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीची पानं तिला पाठ झाली होती: कोण म्हातारा, कोण न्युमोनियाची बाई, कोण रुळावर सापडलेला. नऊ दिवसांचं कुणी नाही.

घरी आल्यावर आई रोज एकच विचारायची. "सापडला?"

"नाही अजून."

"बघ हो. मी काही थांबणार नाही फार."

पंचाण्णवावं सरलं त्या उन्हाळ्यात लिसीचं हृदय थकलं. पाय सुजले, पलंग खालच्या खोलीत खिडकीपाशी आणावा लागला. सप्टेंबरात नर्स तेग्वेनला बाहेर अंगणात घेऊन गेली आणि म्हणाली, आता आठवडे मोजायचे. तेग्वेननं मान हलवली, नर्सला चहा विचारला, ती गेल्यावर कपडे वाळत घातले आणि दोरीला धरून उभी राहिली. आई जाणार याचं तिला भय नव्हतं. शहाण्णवाव्या वर्षी कोण राहतं? पण ती गेली की होरेबला न्यावी लागेल, त्या कोऱ्या जागेखाली, आणि आयुष्यभर काही न मागितलेल्या बाईची एकमेव मागणी आपल्या हातून वाया जाईल, हे तिच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं. तिला बापाचा राग आला. दातओठ खाऊन आला. एक वाक्य बोलला असता तर काय झालं असतं त्याचं?

त्याच दुपारी ती आईला चमच्यानं सूप भरवत होती. लिसी खिडकीबाहेर बघत होती. खाली नदी, पलीकडे गायी, त्यामागं झाडीत छपरं.

"इथूनच गेला तो," लिसी म्हणाली.

"कोण?"

"इफान. आयरिगला घेऊन. नदीवरून गेला. गोठली होती ना नदी. मी याच खिडकीत उभी राहून बघितलं, तो पार पलीकडं पोचेपर्यंत. घसरतो की काय वाटत होतं."

तेग्वेननं चमचा वाडग्यात टाकला. "आई! तीन वर्षं होत आली! हे तू आता सांगतेस?"

"तू विचारलंस कुठं? तू कागद विचारत होतीस. तारीख काय, सही कुणाची, नाव कसं लिहितात. तो कुठल्या वाटेनं गेला हे कुणी विचारलं मला?" लिसी चिडली होती. "मला वाटलं, चर्चला नेला. पलीकडं दुसरं आहे काय?"

चर्चची वही तेग्वेननं तीनदा पाहिली होती. पलीकडं दुसरं काय आहे हे तिलाही ठाऊक होतं, लिसीलाही होतं, पण दोघींपैकी एकीच्याही तोंडातून ते नाव निघेना. पलीकडं रहोबोथ होतं, बाप्टिस्टांचं चॅपेल.

आता हे बाहेरच्यांना कसं कळावं? होरेबचा माणूस रहोबोथच्या अंगणात पुरायचा नाही. म्हणजे तसा नियम नव्हता, नियम कशाला लागतो! ते मोठ्या माणसाला पाण्यात पुरता बुडवून बाप्तिस्मा देतात, आम्ही तान्ह्याच्या कपाळावर चार थेंब शिंपडतो, म्हणून त्यांची पोरं आमच्या पोरांना शाळेत कोरडे म्हणायची, आम्ही त्यांना बेडूक. इफाननं तर एकदा त्यांच्या कापणीच्या जेवणात त्यांच्या पाण्यानं हात धुतले नव्हते, घरी येऊन धुतले. तेग्वेननं तीन वर्षं दोन जिल्हे पालथे घातले, पण घरातून छप्पर दिसतं त्या चॅपेलची वही मागायचं तिच्या मनातही आलं नाही. आमच्यातल्या कुणाच्याच आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूल ओलांडून ट्युडफॉर बेनॉनच्या दारात उभी होती. रहोबोथ सहा वर्षांपूर्वी बंद पडलं, ट्युडफॉर त्याचा शेवटचा चिटणीस. चौऱ्याऐंशी वर्षांचा, एका कानानं ऐकणारा, जीभ मात्र शाबूत.

"होरेबची बाई रहोबोथच्या दारात! पाणी डोक्यावरून घ्यायला आलात की काय शेवटी?"

"ट्युडफॉर, माझ्याकडे वेळ नाही."

तिचा चेहरा बघून त्यानं थट्टा आवरली. आत नेलं, चहा दिला, मनुका घातलेल्या बारा ब्रिथ पावाचे दोन तुकडे ताटलीत ठेवले. तिनं सगळं सांगितलं. तो उठला, भांड्यांच्या कपाटाचा खालचा खण ओढला. मंडळीची जाड वही होती, तीत काही नव्हतं. मग त्यानं एक लहान काळी वही काढली, कोपरे झिजलेली. "ही माझ्या वडिलांची. कबरी खणायचे ते. मंडळीच्या वहीत चिटणीस लिहायचा, हिच्यात ते स्वतः. आडनावं नाहीत हं यात. वडिलांना आडनावं ठाऊकच नव्हती कुणाची, शेतं ठाऊक."

त्यानं चष्मा चढवला, थुंकी लावून पानं उलटली आणि एका जागी थांबला. मग वही तिच्याकडं फिरवली. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, तरी वाचता येत होती.

'पांतगार्नची मारी. नवऱ्याच्या वर, दुसऱ्या थरात. जमीन लोखंड, दोन दिवस जाळ घालून खणली. खोऱ्यात दुसरी कबर उघडी नाही. तिच्यावर, छातीशी, तानरालटचं पोर. इफाननं स्वतः उतरून ठेवलं. मारीच्या माणसांना विचारलं, ते हो म्हणाले. कुणाला सांगू नये असं इफान म्हणतो.'

तेग्वेननं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता आलं नाही. तिला बापाची कीव आली आणि त्याच श्वासात संताप आला. बर्फातून पोर घेऊन गेला, परक्यांपुढं हात पसरले, स्वतः खड्ड्यात उतरला, आणि पुढं डीकनच्या खुर्चीपायी चव्वेचाळीस वर्षं तोंड शिवून बसला! बायको खिडकीत बसून नदीकडं बघते हे दिसत नव्हतं त्याला?

"भला माणूस होता," ट्युडफॉर म्हणाला.

"भला होता, पण भित्रा होता," तेग्वेन म्हणाली. "मला त्या कबरीत आईला ठेवायचंय."

ट्युडफॉरनं वही मिटली. "कबर तीन थरांची आहे. तिसरी जागा मोकळी आहे, ते खरं. पण ती गेथिनांची, म्हणजे मारीच्या घरच्यांची. गेथिनांच्या वारसाची सही आणा, मी उद्या उघडून देतो. सहीशिवाय नाही. चॅपेल बंद पडलंय बाई, शब्द बंद पडलेला नाही."

"गेथिन राहतात कुठं?"

"ते मला ठाऊक असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं? पांतगार्नच्या भिंती तेवढ्या उरल्यात. थोरला मुलगा कोळशाच्या खाणीत गेला, दुसऱ्या मुलखात. पुन्हा फिरकला नाही कुणी."

मग ते नऊ दिवस. सकाळी शेजारीण येऊन आईपाशी बसायची आणि तेग्वेन बस धरायची. तीन वर्षांत निरुपयोगी वाटलेलं सगळं आता कामाला आलं. पांतगार्न पलीकडचं, म्हणून मुलाचा जन्म कारमार्थनकडे असणार, पण मारी मूळ आमच्या काठची, म्हणून बाळंतपण माहेरी, म्हणजे अलीकडे. तसंच निघालं. शिरगणतीत तो एका जिल्ह्यात, दहा वर्षांनी दुसऱ्यात, घर मात्र तेच. लग्न तिसऱ्या जिल्ह्यात, खाणीच्या गावी. तिथं गेथिन पैशाला पासरी. तेग्वेन वाचनालयात जुन्या पत्त्यांच्या वह्या उलटत बसली, तीन चुकीच्या गेथिनांना फोन केले, एकानं शिव्या दिल्या. संध्याकाळी घरी आली की आई डोळे उघडायची, पण "सापडला?" असं विचारायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. तेग्वेनच सांगायची, "सापडलाय, आई. थोडं थांब. एक कागद राहिलाय." कुठं सापडला ते सांगायचा तिला धीर होत नव्हता. सांगितलं आणि सही मिळाली नाही तर? सापडून हातातून गेलेलं कुणाला सोसतं?

नवव्या दिवशी दुपारी देलिथ नावाच्या बाईनं फोन उचलला. मारीच्या थोरल्या मुलाची नात. तेग्वेननं धापा टाकत सगळं सांगितलं. 

"ते बाळ," देलिथ म्हणाली. "म्हणजे ते खरं होतं तर. आमच्याकडं सांगायचे, मारीआजी एकटी गेली नाही, कडेवर पोर घेऊन गेली. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्यांच्या गप्पा."

"सही द्याल?" तेग्वेननं विचारलं. "माझी आई शेवटच्या दिवसांत आहे हो."

"बाई गं," देलिथ म्हणाली, "माझी सलीआत्या ब्याण्णव वर्षांची आहे. लग्न केलं नाही, कुणी नाही तिला. ती तिसरी जागा तिची. आजोबांनी तिला लहानपणीच सांगून ठेवलंय, तू पांतगार्नच्या कबरीत जायचंस. मी तिला शब्द दिलाय. तो शब्द मी कसा मोडू?"

तेग्वेनला पुढचं ऐकू येईना. ब्याण्णव वर्षांची एक म्हातारी आणि पंचाण्णव वर्षांची एक, मध्ये एक खड्डा. ती म्हणणार होती की तुमची आत्या तर अजून जिवंत आहे, आणि आपण काय बोलायला निघालो हे लक्षात येऊन तिची तिलाच शरम वाटली. ती फोनवरच रडायला लागली. बहात्तराव्या वर्षाला टेकलेली बाई, पोरासारखी हुंदके देऊन.

देलिथ तिला रडू देत थांबली. मग हळूच म्हणाली, "राखेला जागा लागत नाही, तेग्वेन. राखेची पेटी वरच्या हातभर मातीत बसते. त्याची सही मी आज देते. आत्तासुद्धा देते. पण शवपेटी घालायची नाही."

फोन ठेवला आणि तेग्वेननं कपाळाला हात लावला. देवानं दार उघडलं तेही असं! लिसीला जाळणं म्हणजे काय ते तिलाच ठाऊक होतं. आमच्या खोऱ्यात अजूनही फार जण जाळून घेत नाहीत, पण लिसीचा नुसता नकार नव्हता, चीड होती. तिची मैत्रीण बेटी गेली तेव्हा तिच्या मुलांनी तिला शहरात नेऊन जाळलं. लिसी परत आली ती दोन दिवस जेवली नाही. "मी काय शेतातलं तण आहे का?" असं तिनं तेग्वेनला बजावलं होतं. "मला जाळलंस तर वरून येऊन तुझे कान उपटीन." दर वर्षी एकदा तरी बजावायची. आता त्या बाईपाशी जाऊन विचारायचं, की तुझं पोर पाहिजे असेल तर जाळून घे. कुठल्या तोंडानं विचारायचं? आणि न विचारता केलं तर ती चोरी. बापानं एक चोरी केली तेवढी पुरे होती.

शनिवारी सकाळी लिसी जरा शुद्धीवर होती. दोन घोट चहा घेतला. तेग्वेननं खुर्ची पलंगाला चिकटवली, आईचा हात धरला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. बर्फ, जाळ घालून खणलेली जमीन, पांतगार्नची मारी, तिच्या छातीशी ठेवलेला आयरिग. आणि कुठं, तेही.

"बाप्टिस्टांत?" लिसीनं डोळे मोठे केले.

"हो."

"आणि मला म्हणायचा, त्यांच्या जत्रेला जाऊ नकोस." ती हसली की खोकली ते कळलं नाही. मग तिनं मान खिडकीकडं वळवली. पलीकडं झाडीत रहोबोथचं छप्पर दिसत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायला तिचा हात वर होईना. "रोज बघते मी ते छप्पर. पंचाहत्तर वर्षं. रोज, गं. एक फूल नेता आलं असतं मला."

तेग्वेननं तिचे डोळे पुसले. "मारी कशी होती, आई?"

"चांगली होती. सहा पोरं वाढवली तिनं." लिसी पुन्हा छपराकडं बघू लागली. "बरं झालं. एकटा नव्हता."

आता सांगणं भाग होतं.  "आई, तिथं एकच जागा आहे आणि ती मारीच्या नातीची आहे. ब्याण्णव वर्षांची आहे ती. तुला तिथं शवपेटीतून नेता येणार नाही. तुझी राख केली तर नेता येईल. फक्त राख. नाहीतर होरेब आहेच, बाबांशेजारी. मी तुझ्यावर काही लादणार नाही. तू म्हणशील तसं. नुसतं बोटानं सांगितलंस तरी चालेल."

लिसीनं डोळे मिटले. इतका वेळ मिटले की तेग्वेन वाकून तिचा श्वास ऐकू लागली. आता चिडेल, तण म्हणेल, कान उपटीन म्हणेल, याची ती वाट बघत राहिली. चिडली असती तरी बरं वाटलं असतं.

"केवढं उरतं माणसाचं?" लिसीनं विचारलं.

"काय?"

"जाळल्यावर. पेटी केवढी असते?"

तेग्वेननं दोन्ही हात समोर धरून दाखवलं. वितीपेक्षा थोडं जास्त.

लिसी तिच्या हातांमधल्या त्या अंतराकडं बघत राहिली.

"इफान एवढीच पेटी घेऊन गेला होता," ती म्हणाली. "काखेत. मग मावते मी."